पडदा उतरता उतरेना

गल्लीत सगळे त्यांना फ्लेक्सवाल्या वहिनी म्हणत. खाली छपाईचं दुकान, वर घर. एकदा ‘देते’ म्हटलं की देणार, अशी त्यांची ख्याती. म्हणूनच नाटक मंडळीने रंगमंचामागचा पडदा छापायचं काम त्यांच्याकडे दिलं. प्रयोग त्याच संध्याकाळी होता. चित्राची फाइल भलीमोठी. दिग्दर्शकाने सकाळी लिंक पाठवली आणि वहिनींनी लगेच डाउनलोड सुरू केलं.

ब्राउझरमधली निळी रेघ गोगलगायीसारखी सरकत होती. निम्म्यावर आली आणि ‘अयशस्वी’! पुन्हा दाबलं, तर पहिल्यापासून सुरुवात.

वहिनींनी उघडी पानं मिटली, साठलेला कचरा पुसला, ब्राउझर नवा करून घेतला. फरक शून्य. दुसरा ब्राउझर टाकून पाहिला. तोही त्याच माळेचा मणी. इंटरनेट कंपनीला फोन लावला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, आमच्याकडून सगळं व्यवस्थित दिसतंय.”

“तुमच्याकडून दिसतंय ना? मग तुमच्याकडेच बसते येऊन!” म्हणत त्यांनी फोन आपटला.

तेवढ्यात दिग्दर्शक दारात. “वहिनी, पडदा झाला?”

“अहो, फाइल उतरेल तेव्हा छापीन ना! हातानं रंगवू का आता?”

तो बिचारा आल्या पावली परत गेला. वहिनींना वाईट वाटलं, पण रागापुढे इलाज नव्हता. तणतणत त्या वर गेल्या. वायफायचा राउटर दिराच्या खोलीत होता, तोही लोखंडी कपाटाच्या मागे कोंबलेला. दीर कॉम्प्युटरसमोर निवांत बसला होता. त्याला पक्ष्यांच्या फोटोंचं वेड.

“भाऊजी, काय चाललंय तुमचं?”

“काही नाही, सगळे फोटो नेटवर साठवून ठेवतोय. सकाळपासून लावलंय.”

“सकाळपासून? आणि मी खाली डोकं फोडून घेतेय!”

“माझा काय संबंध, वहिनी? तुम्ही उतरवताय, मी तर चढवतोय!”

“जिना एकच आहे ना घरात? तुम्ही पोती घेऊन चढायला लागलात, तर मी उतरू कुठून?”

दिराने फोटो चढवणं थांबवलं. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. पण वहिनींचा आता वायफायवर विश्वास उरला नव्हता. त्यांनी दुकानातला कॉम्प्युटरच उचलून वर आणला आणि वायरने थेट राउटरला जोडला. रेघ सुसाट सुटली. बघता बघता फाइल उतरली.

वहिनींनी ती उघडली आणि कपाळावर हात मारला. चित्रात राजवाडा होता. मंडळींचं या वेळचं नाटक घडत होतं गिरणीत.

“अहो, हे कुठलं पाठवलंत?” त्या फोनवर कडाडल्या.

पलीकडून पडेल आवाज आला, “अरेच्चा! ते गेल्या वर्षीचं.”

वहिनींना रडावं की हसावं कळेना. नवी लिंक आली. दिग्दर्शकाचं माफी मागणं संपायच्या आत फाइल उतरलीसुद्धा. कॉम्प्युटर पुन्हा खाली दुकानात आला आणि मशीन धडधडू लागलं. पडदा ओलसर असतानाच मंडळी तो उचलून घेऊन गेली आणि प्रयोग थोड्या उशिराने का होईना, झाला.

वहिनी मात्र बघायला गेल्या नाहीत. “तो पडदा परत डोळ्यांसमोर नको,” एवढंच त्या म्हणाल्या.