वाडीने दिलेली साक्ष

दादाने मुंबईच्या कारखान्यात मुकादमाच्या थोबाडीत मारली होती, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. मुकादमाने आईवरून शिवी दिली, दादाचा हात उठला आणि नोकरी गेली. आमचं घराणंच तापट, मीही काही गोगलगाय नाही. पण दादाने मारलं ते मारलं, नंतर कधी सारवासारव केली नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. अलोऱ्याच्या कॉलनीकडे त्याला फिटरचं काम मिळायचा योग आला. काम डोंगराच्या पोटातल्या वीजघरात. तिथे पासाशिवाय आत सोडत नसत, आणि पास मिळायचा तो पोलीस चौकशी झाल्यावर. मिळाला तर दादा घरी राहणार होता, वहिनी आणि पोरांजवळ. नाही मिळाला तर पुन्हा मुंबई, कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकून.

पासाचं काम बघणाऱ्या साहेबांना दादाने पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं. मी सोबत होतो. साहेब म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ते बरं केलंत. एवढ्यावरून मी पास अडवणार नाही. चौकशी तेवढी सरळ होऊ द्या."

घरी आल्यावर दादाने आईला एवढंच सांगितलं, की गावात हवालदार विचारायला येईल. पोलीस म्हटल्यावर आईला राहवलं नाही. आम्हाला न सांगता ती काठी टेकत घरोघर फिरली; आम्हाला ते कळलं हवालदार येऊन गेल्यावर. आमची वाडी एरवी बांधावरून एकमेकांची डोकी फोडील, पण बाहेरच्यासमोर आपल्या माणसावर पांघरूण घालणार. हवालदाराला सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, की हा मुंबईला कधी गेलाच नाही, लहानपणापासून शेतीच करतो. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते हे असं.

साहेबांनी पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी बसा म्हटलं नाही. "मारलंत ते मी चालवून घेतलं असतं. पण अख्खी वाडी खोटं कसं बोलते? कुणी पढवलं त्यांना?"

मी तोंड उघडलं. आईचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. दादाने माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली.

"मीच पढवलं साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी समोरचा कागद मिटला. मग म्हणाले, "साक्षीदार पढवणाऱ्याला मी आत सोडू शकत नाही." तिथे विषय संपला.

परतीच्या वाटेवर मी त्याला वाट्टेल ते बोललो. मुकादमावर उठणारा हात इथे कुठे गेला होता, असंही विचारलं. मला त्याचा संताप आला होता आणि आईचा त्याहून जास्त. तो म्हणाला, "तिला चौकीवर बोलावलं असतं तर?"

वाडीत शिरताच शेजारचे काका पुढे आले. "आमी एक शबुद वाकडा बोललो नाय हां," म्हणाले. दादाने मान डोलावली.

आई ओटीवर वाट बघत होती. पास नाही मिळाला म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. "मी घरोघर जाऊन सांगून आले, तरी नाय दिलानी? न सांगते तर काय झाला असता रे?"

"लय वाईट झालं असतं, आये," दादा म्हणाला. "सांगितलंस ते बरं केलंस."

आणि तो आपली ट्रंक भरायला आत गेला.