गुरूच्या पुढचे-मागचे धोंडे

सुजाता गेली.

परवा सकाळी, अंबाजोगाईत. किडनीचं दुखणं होतं, लपवण्यासारखं काही नाही.

केजच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. माझ्यासाठी मात्र तिची ओळख एवढीच, की मी एमएस्सी झाले ती तिच्यामुळं.

बीएस्सीला आम्ही दोघी एकाच वर्गात. फर्स्ट इयर संपलं आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोयरीक ठरवत आणली. जोशीबुवा म्हणाले, मुलीला गुरुबळ आलंय, याच सीझनला उरकून घ्या. शिक्षणाचं नंतर बघू.

मी रडून घेतलं. दुसरं काय करणार?

तेवढ्यात सुजाता चौसाळ्याला आमच्या घरी आली. तिच्याकडं बौद्ध पद्धतीनं लग्नं, पत्रिकेचा संबंधच नाही. तरी चहा घेता घेता आण्णांना म्हणाली, चेहरा एकदम सिरीयस,

"काका, गुरू एकटा न्हाई फिरत."

"म्हंजे?"

"त्याच्याच वाटेवर हजारो धोंडे हायेत. काही पुढं, काही मागं. ट्रोजन म्हणतेत त्यांना. गुरूसंगंच सूर्याला चक्कर मारतेत. पत्रिकेत कुणी धरलेत का ते?"

आण्णांनी बशी खाली ठेवली. "न्हाई धरले. मग ते बाजूला कदी व्हतेत?"

"लई जुने हायेत, काका. इतक्यात न्हाई व्हायचे."

दुसऱ्या दिवशी आण्णांनी पाहुण्यांना फोन केला. गुरूचं जरा अवघड दिसतंय, वर्षभर थांबा.

पाहुणे थांबले नाहीत. मी शिकले.

नंतर एसटीत मी तिला विचारलं, "एवढं खोटं कावून बोललीस?"

"एक अक्षर खोटं असंल तर दाखव."

हा किस्सा ती स्टाफरूममध्ये सांगायची, लोकांच्या लग्नांत सांगायची, अगदी डायलिसिसला पडल्या पडल्या नर्सलाही सांगितला. काकांना कसं गुंडाळलं म्हणून. जाम हसायची.

काल आण्णांना घेऊन तिच्या घरी गेले. ते तिच्या आईसमोर खाली बसले.

मग म्हणाले, "धोंड्यांचा अन् लग्नाचा काई संबंध न्हाई, एवढं मला तवाच कळत व्हतं, बाई. पोरगी शिकावी असं मलाबी वाटत व्हतं. पर पाव्हण्यांना शब्द दिल्ता. मोडायला कारण सापडत नव्हतं. ते तुमच्या लेकीनं दिलं."

मी हे पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं ती आमच्याकडं येत होती, आण्णा एकदाही बोलले नाहीत.

सुजाता, काका फसलेच नव्हते गं.

हे कळल्यावर तू कसली चिडली असतीस. मला तुला तसं चिडलेलं बघायचं होतं.

जय भीम, सुजे.