कुत्र्याचं पान

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत पाळलेलं कुत्रं एकच होतं, आमचं. त्याचा घात तिथेच झाला.

त्याचं पोट पहिल्यापासून नाजूक. कल्याणचे जनावरांचे डॉक्टर बाबांना समोर बसवून म्हणाले होते, "खाणं आलटूनपालटून द्या, पण एका दिवसात बदलू नका. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडा लावा. आणि तळलेलं, तूपकट बंद म्हणजे बंद." बाबांनी मान डोलावली. ऑफिसात साहेबासमोर डोलवायचे तशीच.

घरी आल्यावर सगळं माझ्या गळ्यात. मी तेव्हा कॉलेजात होतो. आधी दुधी घालून मऊ भात, मग त्यात चमचा चमचा दलिया, तो सोसला की उकडलेलं अंडं. अंडं गॅलरीत, वातीच्या स्टोव्हवर, कारण स्वयंपाकघरात त्याला बंदी. गणपतीपर्यंत त्याची शी बांधून व्हायला लागली. हसू नका. कुत्रा पाळलेल्या माणसाला हा आनंद कळतो.

मग पितृपक्ष लागला. श्राद्धाला गाईचं, कावळ्याचं आणि कुत्र्याचं अशी पानं वाढून ठेवतात. गाय देवळापाशी उभी असायची, कावळे गच्चीत हजर. रस्त्यावर कुत्र्यांचा काय तोटा होता? पण ती खरूज झालेली. आमचं कसं घरातलं, आंघोळ घातलेलं! म्हणून रोज कोणाच्या ना कोणाच्या पितरांचं पान आमच्या दारात. वडे, खीर, अळूवडी, वर तुपाची धार. मी एक पान परत पाठवलं, तर शेजारच्या काकू बाबांकडे तक्रार घेऊन आल्या, "तुमचा मुलगा आमच्या सासऱ्यांना दारातून हाकलतो हो!" बाबांनी मलाच झापलं. मी कॉलेजात गेलो की दार उघडं ते उघडंच.

व्हायचं तेच झालं. उलट्या, रक्ताची शी. त्याला रिक्षात घालून पुन्हा कल्याण. डॉक्टर बाबांवर चिडले, "आता नुसती पेज. तेलातुपाचा घास पोटात गेला तर माझ्याकडे आणू नका." बाबांनी पुन्हा मान डोलावली.

पेजेने उलट्या थांबल्या. तो उठून दारापर्यंत यायला लागला आणि सर्वपित्री अमावास्या आली. बाबांनी स्वतः पान वाढलं, आजोबांच्या नावाचं. मी आडवा उभा राहिलो.

"बाबा, तो मरेल."

"अरे, एका वड्याने कोणी मरत नाही. माझे वडील उपाशी राहायचे का? सरक."

दंड धरून त्यांनी मला बाजूला केलं. कुत्र्याचा सगळ्यात जास्त जीव बाबांवरच. त्यांच्या हातचं म्हणून त्याने शेपूट हलवत पान चाटूनपुसून साफ केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. बाबा म्हणाले, "पितरांचं अन्न पोटात घेऊन गेला. पुण्यवान जीव." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून विझलेली नाही, आणि वयाबरोबर माणूस निवतो म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो.

आता बाबांचं श्राद्ध मी करतो, आईसाठी. गाईचं पान वाढतो, कावळ्याचं वाढतो. आई दरवर्षी हळूच विचारते, "आणि कुत्र्याचं रे?"

"नाही," मी म्हणतो. "तेवढे उपाशी राहू देत."