सुसूमावशी

सुसूमावशीला शेवटपर्यंत आवाज खाली आणता आला नाही. हॉटेलच्या लॉन्ड्रीत सगळे ड्रायर एकदम चालू असले तरी तिचं बोलणं दारापर्यंत ऐकू यायचं. डोक्याला रोज पिवळंधमक फडकं बांधायची. ते युनिफॉर्ममध्ये बसत नाही असं सुपरवायझर म्हणाला की उत्तर तयार असे, "डोकं माझं आहे, साहेब. पगार हातांचा देता."

मी तिच्या अगदी उलट. नवऱ्याने टाकल्यावर दादाने मला अमेरिकेत, हर्नडनला आणलं, त्याची मुलं सांभाळायला. ती शाळेत जाऊ लागली तशी मी लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागले. शुक्रवारी पगाराचं पाकीट मिळे, ते न उघडता दादाच्या हातात द्यायचे. झोपायला बेसमेंट, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. आपली एक खोली असावी, तिला आतून कडी असावी, एवढंच मनात होतं. कुणाला बोलले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, आमच्याबरोबर सुसू करणार?" मी लाजून बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मी आत्ताच जाऊन आले." आमच्याकडे लहान मुलं सुसू कशाला म्हणतात ते खुणेने सांगितलं, तेव्हा ती चादरींच्या ढिगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग तिने समजावलं. ती घानाची, तिथल्या बाजारात कापड विकायची. तिथल्या बायका करतात तसंच इथे दहाजणींचं चाललं होतं. दर शुक्रवारी सगळ्यांनी सारखे पैसे द्यायचे, ते सगळे एकीला. पुढच्या शुक्रवारी दुसरीला. यालाच त्या सुसू म्हणत. अगंबाई, म्हटलं, ही तर भिशी. तिने तो शब्द लगेच उचलला आणि आपल्या चहा-बिहासारखा जोडून टाकला: सुसू-बिशी.

एकजण काम सोडून गेली होती, तिच्या जागी मी आले. चिठ्ठ्या टाकल्या, माझा नंबर शेवटचा. त्या शुक्रवारी मी पगाराचं पाकीट पहिल्यांदा उघडलं.

दादा चिडला. "चौथी शिकलेली तू. नाव तरी ऐकलंस का त्याचं? एक दिवस ती बाई सगळं घेऊन पळेल." मुलं खिदळत घरभर फिरली, "आत्या डज सुसू."

मी भीतभीत मावशीला विचारलं, कुणी पळालं तर? ती म्हणाली, "पळेल कुठे? तोंड तर बरोबरच न्यावं लागेल."

माझी पाळी आठवड्यावर आली आणि सुपरवायझरला सुगावा लागला. हा जुगार आहे म्हणाला, आजपासून बंद.

"जुगारात कुणीतरी हरतं," मावशी म्हणाली. "आमच्यातलं कोण हरलं ते दाखवा, आत्ता बंद करते."

त्याने सगळ्यांत गप्प बाई हेरली. मला विचारलं, "हिने तुला जबरदस्ती केली का?"

नोकरी जाईल हे कळत होतं. "नो सर," मी म्हटलं. "नेक्स्ट टर्न माझी."

त्याने मला ठेवलं, मावशीला काढलं. जाताना ती फडकं नीट करत म्हणाली, "नोकरी त्यांची होती. सुसू आपली आहे."

बाकीच्यांनी पैसे तिच्या घरी नेऊन दिले. मावशीला हॉटेलच्या आवारात यायला बंदी, त्यामुळे शुक्रवारी माझे हात रिकामेच राहिले. शनिवारी दादाकडे चहाला मंडळी जमली होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "पळाली ना तुझी सुसू?"

दुपारी बेल वाजली. दारात पिवळं फडकं. दोन बस बदलून, उरलेलं चालत आली होती. "सिस्टर," अख्ख्या टाउनहाउसला ऐकू जाईल असं ओरडली, "सुसू-बिशी!"

हॉलमध्ये कपबशा थांबल्या. तिने पुढे केलेलं पैशांचं पाकीट मी घेतलं आणि वळून म्हटलं, "दादा, ही माझी भिशी. मी खोली बघितली आहे. एक तारखेला जाणार."

मावशी आत बसायला तयार नव्हती, म्हणून वहिनी चहा बाहेर घेऊन आली. तो तिच्या हातात देऊन वहिनी माझ्याजवळ सरकली आणि हॉलकडे बघत कुजबुजली, "अगं, त्या सुसूत अजून एक जागा होईल का?"

"होईल," मी म्हटलं. आवाज खाली आणला नाही.