लंगोट आणि मोठ्या मॅडम

माझ्या तारुण्याची सगळ्यात चांगली वर्षं मी दिल्लीत घरोघर फिरून तान्ह्या मुलांची शी गोळा करण्यात घालवली. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई "तुम्ही काय करता?" असं विचारतात, तेव्हा मी आधी त्यांना जिलबीचा घास नीट गिळू देते आणि मगच उत्तर देते. तेवढी माणुसकी माझ्यात आहे. नवरा मात्र तोवर पानावरून उठून हात धुवायला गेलेला असतो.

गोष्ट साधी आहे. लहान मुलांना जुलाब करणारे विषाणू आतड्यात राहतात आणि शीतून बाहेर पडतात. त्यांच्यावर लस हवी असेल तर आधी त्यांची गाठ घ्यावी लागते, आणि ते दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर भेटत नाहीत. त्या काळी मी मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होते. खिडकी उघडली की समोरच्या खिडकीतला विद्यार्थी मला पाहून आपली खिडकी बंद करायचा, इतकी ती गल्ली अरुंद होती. सकाळी खांद्यावर बर्फाची पेटी अडकवून मी निघायचे. पेटीत पांढऱ्या डब्या, प्रत्येक डबीच्या झाकणाला आतून एक इवलासा चमचा. घरमालकीण बरीच वर्षं समजून होती की मी कुल्फीच्या कंपनीत आहे. मी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण त्यामुळे ती माझ्याशी गोड वागायची.

आमच्या अभ्यासात बाळ जन्मल्यापासून नोंदलेलं असायचं. दर आठवड्याला कुणीतरी घरी जायचं, आईने राखून ठेवलेल्या लंगोटातून नमुना घ्यायचं. बदल्यात आमची नर्स बाळाला तपासायची, आणि काही दुखलंखुपलं तर आमचा डॉक्टर हजर. त्यातलं एक घर आमच्याच गल्लीच्या टोकाला होतं. नवरा-बायको दोघं सरकारी कचेरीत, क्वार्टर मिळण्याची वाट बघत दोन खोल्यांत राहिलेले, आणि नातवाला सांभाळायला वर्ध्याकडून आलेली आजी. या घराचे नमुने आधी एक हरयाणवी ताई आणायची. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या आमच्या मोठ्या मॅडमना समजलं की कुटुंब मराठी आहे, आणि त्यांनी ते घर मला दिलं. "तुम्हारे अपने लोग हैं, आसान रहेगा." नंतर या वाक्यावर आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

पहिल्या दिवशी मी गेले तर बाळ न्हाऊन-माखून, पावडर लावून, कपाळाला काळी तीट लावून पाटावर बसलेलं. दोरीवर स्वच्छ धुतलेले लंगोट. माझ्यापुढे पोह्यांची ताटली. आजीने माझं गाव विचारलं. मी परभणी सांगितलं. मग भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे मी पाहिलं ते तिने पाहिलं, आणि आम्हाला एकमेकींना पुढे काही विचारायची गरज उरली नाही. पोह्यांवर आणखी शेव पडली. नमुना मात्र नाही.

पुढच्या आठवड्यातही तेच. पावडर, तीट, पोहे. मी हसत हसत समजावलं, आजी हसत हसत "हौ" म्हणाली. त्यानंतर बाळाला खरोखरचे जुलाब सुरू झाले. निरोप मिळताच मी पेटी घेऊन धावले, कारण आजाराच्या पहिल्या दिवसांतल्या शीमध्येच विषाणू सगळ्यात जास्त असतात. नर्सने बाळाला साखर-मिठाचं पाणी पाजायला घेतलं. बाळ मलूल, पण ठीक होतं. आणि दोरीवर लंगोटांची रांग, पांढरीशुभ्र.

मॅडमचा पारा चढला. "पुढच्या वेळी नमुना नाही आला तर या मुलाला अभ्यासातून काढावं लागेल." म्हणजे नर्स बंद, डॉक्टर बंद. आई दिवसभर कचेरीत, आजीला हिंदीचे चार शब्द येणारे, आणि बाळ आजारी. मला ते परवडणारं नव्हतं. खरं तर आमच्यापैकी कुणालाच नव्हतं.

मी आजीसमोर जमिनीवर बसले आणि सरळ विचारलं, "त्या हरयाणवी ताईला देत होतात. मग मलाच का नाही?"

आजीने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"तुह्या मायले माहीत आहे का, तू हे काम करतं म्हणून?"

मी म्हटलं, "औषधावर काम करते एवढं माहीत आहे."

"मंग तुलेबी लाजच वाटते नं वं." आजी शांतपणे म्हणाली. "माह्या सासूनं गावातली घाण उचलली. माह्या नवऱ्यानं मेलेली ढोरं ओढली. मी म्हटलं, माही पोरं नाही उचलणार. शिकतीन. आता तू इतकी शिकली, पार दिल्लीले आली, अन् येऊन काय करतं? डबा घेऊन घरोघरी हेच. कोणी सांगतलं तुले? तुलेच काहून सांगतलं?"

मी पेटी बाजूला सरकवली.

"सगळेच करतात, आजी," मी म्हटलं. "डॉक्टरसुद्धा. आमच्या मॅडमसुद्धा."

"तुही मॅडम कोन्या घरची आहे?"

मॅडम बनारसच्या. त्यांच्या घरी स्वयंपाकघरात सोवळं होतं. हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. मी तेही सांगून टाकलं.

आजीचे डोळे चमकले. "आण तिले. तिच्या हातात देतो. मंग पाहू."

हे मी मॅडमना कसं सांगितलं असेल? अगदी घाबरत, आणि आतून अगदी मजेत. मॅडमनी टेबलावरचे हातमोजे पर्समध्ये टाकले. मग म्हणाल्या, "चलो."

त्या दिवशी त्यांना मंत्रालयात बैठक होती, म्हणून कडक इस्त्रीची चंदेरी साडी. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून त्या चिखलातून निऱ्या उचलून चालत आल्या. मागे मी पेटी घेऊन, आणि माझ्या मागे गल्लीतली सगळी रिकामी मंडळी. आजी खाटेवर बसलेली, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून. बाळाला अजून जुलाब होतच होते. कोपऱ्यात न धुतलेला लंगोट, आत शी कापडात मुरू नये म्हणून मी दिलेला प्लॅस्टिकचा तुकडा, सगळं जसं सांगितलं होतं तसं.

"नमस्ते माताजी. सैंपल कहाँ है?"

"वहाँ है. बैठो अन् लेव," आजी म्हणाली. खुर्ची होती, पण तिने दाखवली नाही.

मॅडमनी हातमोजे चढवले, पदर कमरेला खोचला आणि उकिडव्या बसल्या. झाकणाचा चमचा फिरवून नमुना घेतला, डबी बंद केली, आणि उठून बाळाकडे पाहून म्हणाल्या, "बहुत बढ़िया." आजी एकटक बघत होती, नवी सून पारखावी तशी. मॅडमनी नाक मुरडलं का, हात लांब धरला का, काही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

मग तिने दुसरा लंगोट पुढे सरकवला, माझ्याकडे.

"घे आता तू," ती म्हणाली. आणि मॅडमना, "खुर्चीपर बैठो. पोहे खायेंगे?"

मॅडमनी खाल्ले. आणखी मागितले. मंत्रालयातली बैठक त्यांच्याविना सुरू झाली.

त्या घरचा एकही नमुना नंतर चुकला नाही. आजीने फक्त एक अट घातली: ज्या दिवशी डबी नेशील त्या दिवशी माझ्याकडचा खाऊचा डबा मिळणार नाही. दोन्ही एका पेटीतून जायचं नाही. खाऊ दुसऱ्या दिवशी. आणि मी परभणीला आईला फोन करून सगळं नीट सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, तू कुठं पळूनबिळून गेलीस."

आजी आता नाही. ते बाळ मानेसरच्या एका कारखान्यात साहेब झालंय. परवा त्याचा फोन आला. मुलीला सरकारी दवाखान्यात नेऊन थेंब पाजून आणले म्हणाला. जुलाबावरच्या लसीचे, आमच्या त्या डब्यांतूनच पुढे आलेल्या. मग म्हणाला, "मावशी, बिल्कुल रडली नाही यार." मी म्हटलं, तू मात्र प्रत्येक वेळी रडायचास, आणि तुझी आजी माझ्यावर डोळे वटारायची.

दरवर्षी आमच्या प्रयोगशाळेत नवी मुलं येतात, लातूरची, रोहतकची, कोचीची. पहिल्या दिवशी मी कडक इस्त्रीची साडी नेसून जाते. पहिली डबी मी उघडते, सगळ्यांसमोर, आणि मुद्दाम सावकाश. कधी एखादी मुलगी माझ्या हातांकडे एकटक बघत असते, मी नाक मुरडते का ते पाहत. मग मी डबी तिच्यापुढे सरकवते.

"घे आता तू."