आधी उलटं, मग सुलटं

करीम उस्ताद कुठलाही नट लावताना आधी तो उलटा फिरवत. डोळे मिटून, दोन बोटांत धरून, हळूच मागे. आतून बारीकसा ‘टक्’ असा हादरा बोटाला लागला की मगच सुलटा. “चूडी को अपना घर मिलने दे,” ते म्हणत, “फिर वो खुदीच जाती.” चूडी म्हणजे आटे. नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, म्हाताऱ्याला दिसत नाही.

मी परभणीकडचा. तेव्हा शाळा सगळी उर्दूत, आणि उर्दूतच नापास होऊन चौथीत माझी शाळा सुटली. सतराव्या वर्षी हैदराबादला आलो तो सुलतान बाजारामागच्या त्यांच्या गाडीदुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांनी विचारलं, “स्कूल कैकू छोड्या?” म्हटलं, “उर्दू आली नाही.” ते खोकला येईपर्यंत हसले. “यां तो गालियां बी उर्दू में खाना पडता, गनपतराव!” गावात मला कुणी गणपतसुद्धा नीट म्हणत नसे. इथे रोज सकाळी हाक यायची, “आव गनपतराव, कचेरी खुल गयी!” पाच वर्षांत हात तयार झाला, उर्दूही आली, शिव्यांपासून वर.

रझाकारांच्या दिवसांत चार तरुण शेडमध्ये शिरले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, “ये कौन है?” उस्तादांनी मान वर केली नाही. “मेरा दाहिना हाथ है. लेके जाना है तो काट के लेके जाव.” ते गेले. त्या दिवसापासून उस्तादांनी मला आपल्या घरी ठेवलं. मी न मागता माझ्यासाठी वेगळी चूल मांडून दिली, वेगळं पातेलं आणलं. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, “पहले भात उतार, जल रा.”

त्याच वर्षी जामबागेतल्या एका वकीलसाहेबांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची मोटारसायकल आमच्याकडे आली. वीस वर्षं गोठ्यात पडलेली. निम्मे भाग गंजलेले, निम्मे नाहीतच. उस्तादांनी लढाईनंतर लिलावात निघालेलं लष्करी भंगार तीन पोती भरून आणलं. विलायती, अमेरिकन, सगळं एकमेकांत मिसळलेलं. दोन नट शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. पण आट्यांची घडण वेगळी. चुकीचा नट दोन फेरे गोडीनं जातो आणि तिसऱ्याला अडतो. उस्ताद बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांत एकेकाची निवड करत बसत. “शकल पो नक्को जाव. शकल सबकी एकीच है.”

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. माझी भीती गेली आणि त्यांची सुरू झाली. त्यांची बायको आधीच वारलेली. एकुलती मुलगी मुनीरा उस्मानाबादकडच्या एका खेड्यात दिलेली. तिकडून वाईटच ऐकू येत होतं. पत्र नाही, निरोप नाही. दाढीवाल्या माणसानं त्या रस्त्यानं जाणं म्हणजे जीव देणं. मी म्हटलं, “उस्ताद, मी जातो. बोली माझीच आहे तिकडची.” वकीलसाहेब म्हणाले, “मोटारसायकल चालती करा आणि घेऊन जा. परवान्याचा कागद मी आणतो.”

दोन दिवसांत गाडी चालती झाली. निघायच्या सकाळी पुढच्या चाकाच्या एक्सलचा नट मी लावला. घाई होती; उलटा फिरवला नाही. दोन फेरे गोडीनं गेला. तिसऱ्याला अडला. मला कळलं होतं. तरी लांब पाना घालून त्यावर अंग टाकलं.

निघण्याआधी उस्तादांनी प्रत्येक नटावरून बोट फिरवलं आणि त्या नटाशी थांबले. सोडवला तेव्हा आट्यांचा नुसता कीस बाहेर आला. एक्सल गेला. पोत्यांत दुसरा नव्हता आणि लेथवाले दुकानं लावून घरी बसलेले. नवा कातून मिळायला चार दिवस लागले. चार दिवस उस्ताद मला काही बोलले नाहीत. एक शिवी हवी होती मला.

पाचव्या दिवशी निघालो, दुसऱ्या दिवशी पोचलो. मुनीराच्या घराचं दार सताड उघडं, आत एक मडकं शाबूत नव्हतं. शेजारची म्हातारी हळूच बाहेर आली. “नवरा गेला की रं तिचा. तिला म्या कडब्याच्या गंजीत लपिवली व्हती. अब्बा येतील, अब्बा येतील म्हनायची. दोन दिस झालं, गाड्यावाल्यांसंगं हैदराबादला निघाली.”

दोन दिवस. आधी ठरल्या सकाळी निघालो असतो तर ती मला तिथेच भेटली असती. परतताना वाटेतली प्रत्येक बैलगाडी थांबवून पाहिली. ती कुठेच नव्हती.

उस्तादांना मी सांगितलं, “पंधरा दिवस झाले म्हणे तिला निघून.”

ते म्हणाले, “अच्छा. फिर वो नट का कसूर नै.”

मुनीरा आली नाही. दर शुक्रवारी नमाजानंतर उस्ताद नामपल्ली स्टेशनावर जाऊन बसत आणि संध्याकाळी परत येऊन झाकणांतले नट निवडत. मी आणखी आठ वर्षं त्यांच्याजवळ राहिलो. गावाकडून मामांची पत्रं यायची, ये म्हणून. जावंसं वाटलं नाही. उस्तादांना तोंड दाखवावंसंही वाटायचं नाही.

शेवटच्या आजारात एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं.

“सच बोल, गनपतराव. कितने दिन?”

मी पेजेची वाटी खाली ठेवली. “दोन, उस्ताद.”

“मालूम था मेरेकू.”

“कधीपासून?”

“तू लौट के आया, उसी दिन. पानी बी नै पिया. सीधा जाके वो चक्के का नट खोला. फिर उल्टा फिरा-फिरा के बिठाया, रोते-रोते. मैं दरवाजे में खडा था.”

“मग बोलला का नाहीत?”

उस्तादांनी डोळे मिटले. माझं मनगट त्यांच्या दोन बोटांतच होतं.

“बेटी तो गयीच थी,” ते म्हणाले. “बोलता तो तू बी चले जाता.”