कोल्हापूरहून आलेलं झाकण

आचऱ्याच्या भिकाजी कुबलाची मोटार ज्यांनी पाहिली, ते ती विसरले नसतील. तिचा रंग कोणता म्हणावा, तर पावसाळ्यात शेवाळी आणि उन्हाळ्यात तांबडा, कारण मूळचा रंग केव्हाच उडाला होता आणि उरला होता तो रस्त्याचा. आधी बेळगावात कुणा गोऱ्या साहेबाने ती वापरली, मग एका वकिलाने, मग मिठाच्या एका व्यापाऱ्याने. सगळ्यांची हौस फिटल्यावर ती भिकाजीच्या दारातल्या फणसाखाली येऊन उभी राहिली. आचऱ्याहून कणकवलीला माणसं न्यायची आणि तिथून आणायची, हा पन्नास सालानंतर त्याचा धंदा झाला.

त्याआधी भिकाजी दर्यावर होता. मिसरूड फुटायच्या आधी तो ‘सातेरीप्रसाद’ गलबतावर चढला आणि कानशिलं पिकल्यावर उतरला. दाजी त्या गलबताचा तांडेल, म्हणजे दर्यावर देवाच्या खालोखाल तोच. भिकाजीचा बाप लवकर गेला होता. त्याला माणसात आणलं ते दाजीने. वारा ओळखायला त्यानेच शिकवलं, भात शिजवायला त्यानेच, आणि गलबताच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायलाही त्यानेच. तेलात भिजवलेला कापूस फटीत ठोकायचा, वर गरम राळ ओतायची, आणि मग पाठीवर झोपून एकेक फट बोटाने चाचपायची. सुईच्या टोकाएवढी जागा राहिली तरी दाजी पुन्हा उकरायला लावी. “भोक ल्हान, म्हणान दर्यो ल्हान जाता काय रे?” असं तो विचारी, आणि भिकाजी मुकाट्याने पुन्हा कापूस वळायला घेई. पुढे पुढे सबंध खाडीत त्याच्यासारखा फट बुजवणारा दुसरा राहिला नाही. या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि तो खोटाही नव्हता.

मोटारीला हजार दुखणी होती, पण भिकाजीला खरा छळ होता तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचा. टाकी मागच्या बाजूला. मूळच्या झाकणाचे आटे झिजलेले. वळणावर पेट्रोल हिंदकळून बाहेर यायचं आणि त्याचा वास मागच्या बैठकीवर चढायचा. पोयनाडीचं वळण येईपर्यंत निम्मी माणसं तोंडाला पदर आणि उपरणी लावून बसलेली असत. एक दिवस ते झाकण वाटेतच कुठेतरी उडून गेलं. भिकाजीने उंडीच्या लाकडाचा गट्टू तासून बसवला, तो उन्हाने तडकला. मग नारळाच्या सोडणाला फडकं गुंडाळून कोंबलं, ते पेट्रोल पिऊन फुगलं आणि काढता काढता फाटलं. त्याची बायको आनंदी त्या मोटारीत कधी बसली नाही. “तुमच्या मोटारीत बसण्यापेक्षा घासलेटच्या डब्यात बसलेलां काय वायट?” असं ती शेजारणींच्या देखत म्हणे, आणि शेजारणी हसत.

शेवटी मालट्रक चालवणाऱ्या भाईने कोल्हापूरहून एक नवं कोरं झाकण आणून दिलं. भिकाजीने ते उलटंपालटं केलं, उजेडाकडे धरलं, आणि त्याचा चेहरा उतरला. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं.

“बघ, नव्या झाकणाक भोक,” तो म्हणाला. “घाटावरच्या दुकानदारान तुका फसवल्यान.”

“अरे, दुकानातल्या सगळ्याच झाकणांक तसलां भोक होतां,” भाई म्हणाला.

“मगे सगळीच फुटकी.”

भाई हसला आणि गेला. भिकाजीने ते झाकण तसंच बसवलं. वास बराच कमी झाला, पण गेला नाही. त्या भोकाकडे त्याची नजर मात्र रोज जाई, दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी.

दाजी तोवर दर्या सोडून कणकवलीजवळ आपल्या मुलीकडे, सुभद्रेकडे राहायला गेला होता. गुडघे धरलेले, त्यात दमा. एकदा भिकाजीने हौसेने त्याला मोटारीत बसवलं होतं, पण मैलभरातच पेट्रोलच्या वासाने त्याची छाती भरून आली आणि त्याला उतरवून बैलगाडीत घालावं लागलं. त्यानंतर दाजीने मोटारीचं नाव काढलं नाही. भिकाजी कणकवलीला गेला की त्याच्याकडे जाऊन बसे, ओसरीवर दोघे पान खात आणि गलबताच्या गोष्टी करत.

सत्तावन्न सालच्या कार्तिकात भिकाजी बातमी घेऊन गेला. ‘सातेरीप्रसाद’चा मालक वारला होता आणि त्याच्या मुलांनी गलबत मंगळूरकडच्या माणसाला विकलं होतं. पौर्णिमेच्या भरतीला ते खाडीतून बाहेर पडणार होतं. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली, त्यामुळे मोठ्या भरतीशिवाय एवढं गलबत बाहेर निघत नसे, आणि एकदा भरती फिरली की कुणासाठी थांबत नसे.

दाजीने हातातला अडकित्ता खाली ठेवला.

“माका ती बघूची आसा,” तो म्हणाला. गलबताला तो नेहमी ‘ती’च म्हणे. “काठाक बांधलेली नाय. खाडीभायर पडताना, शीड भरलेली. मगे परत येवची नाय ती.”

“मी नेतंय तुमका.”

“तुझ्या मोटारीचो वास माका सोसाचो नाय रे.”

“वास येवचो नाय, दाजी,” भिकाजी म्हणाला. “माझां काम तुमका ठावक आसा.”

आदल्या दिवशी तो काम घेऊन बसला. जुन्या वहाणेचं चामडं कापून झाकणाखाली गोल चकती बसवली. आट्यांवर तेलातला कापूस वळला. आणि ते भोक राळेने बुजवलं, वरून नखाने गुळगुळीत केलं. झाकण घट्ट पिळून बसवलं आणि नाक लावून वास घेतला. काही नाही. त्याने आनंदीलाही हाक मारून वास घ्यायला लावला. ती नाक लावून म्हणाली, “देवाक काळजी.” त्या दिवशी भिकाजीला वाटलं की मोटार आता खऱ्या अर्थाने आपली झाली.

पौर्णिमेच्या सकाळी चकती नवीच राहावी म्हणून भिकाजी झाकण सैल ठेवून कणकवलीला गेला, तिथे टाकी भरली आणि मग ते घट्ट पिळलं. दाजी स्वच्छ धुतलेला सदरा घालून मागच्या बैठकीवर बसला. सुभद्रेने त्याच्या खांद्यावर शाल टाकली. मोटार निघाली. दाजीने भीत भीत श्वास घेतला, मग मोठा घेतला, मग काच खाली करून बाहेर बघू लागला.

“बरां केलंस रे,” तो म्हणाला. “वास म्हणान नाय.”

भिकाजीने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याची मान ताठ झाली. एवढं सुख त्याला त्या मोटारीने कधी दिलं नव्हतं. दाजी गलबताबद्दल बोलत होता. नवे खलाशी तिला कसे वागवतील, डावीकडे कलण्याची तिची खोड त्यांना कळेल की नाही, हेच.

आणि मोटार धापा टाकू लागली. दोन आचके दिले आणि उभी राहिली.

भिकाजी खाली उतरला. इंजिनाशी पेट्रोलची नळी सोडवली, तोंड लावून जोरात फुंकली, तोंडात आलेलं पेट्रोल थुंकला, नळी जोडली, हँडल मारला. मोटार सुरू झाली. “कचरो इलो होतो,” तो म्हणाला. दाजी म्हणाला, “येता कधी कधी.”

थोडं अंतर गेलं आणि मोटार पुन्हा थांबली. पुन्हा नळी, पुन्हा फुंकर. ऊन चढत होतं. दाजी दार उघडून काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

“भिकाजी,” तो सावकाश म्हणाला, “गलबतावरचां पाण्याचां पिंप आठवता? वरचां बूच घट्ट असला तर खाली नळाक पाणी येय नाय. तू पोर होतंस तेवा बूच सैल करूचां काम तुझांच होतां. तसांच कायतरी आसात ह्यां. तां झाकण जरा सैल करून बघ.”

भिकाजीचे हात काळे झाले होते, ओठ पेट्रोलने जळत होते. ज्या कामाची एवढी तारीफ झाली, त्यातच खोट निघाली हे ऐकायची त्याची तयारी नव्हती.

“दाजी, ह्यां गलबत न्हय,” तो म्हणाला. “मोटारीतलां तुमका काय कळता? गप बसा.”

गलबतावर असताना तांडेलाला गप बस म्हणणारा माणूस जन्माला आला नव्हता. दाजीने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि दार लावून घेतलं. पुढे तो एक शब्दही बोलला नाही. मोटार सुरू झाली.

शेवटच्या चढावर, जिथून उतरलं की आचऱ्याचे माड दिसू लागतात, तिथे मोटार तिसऱ्यांदा थांबली. खालून खारा वारा येत होता. दाजीने नाक वर केलं, आणि इतक्या वेळाने तोंड उघडलं.

“सुकती लागली,” तो म्हणाला. ओहोटी सुरू झाली होती. त्याला ते वाऱ्यावरून कळत असे.

भिकाजी नळी सोडवायला वाकला आणि तसाच उभा राहिला. मग मागे गेला आणि दोन्ही हातांनी झाकण पिळलं. ते निघेना, इतकं आतून धरलेलं. शेवटी सुटलं तेव्हा टाकीने हवा आत ओढत मोठा सुस्कारा टाकला. आतमध्ये बसलेल्या दाजीलाही तो ऐकू गेला असणार. भिकाजीने नळीला हात लावला नाही. हँडल मारला, आणि मोटार एका फेऱ्यात सुरू झाली. झाकण नुसतं तोंडावर टेकवून तो सुसाट निघाला.

खाडीकाठ रिकामा होता. दोर बांधायचा दगड होता, दोर नव्हता. दगडावर हळदकुंकू वाहिलेलं, फोडलेल्या नारळाची भकलं अजून ओली. जाळं विणत बसलेल्या एका म्हातारीने हात करून दाखवलं, “आत्ताच टोकापलीकडे गेली.” टोकाच्या पलीकडचं काठावरून दिसत नाही. दाजी काठी टेकत पाण्यापर्यंत गेला, उतरत चाललेल्या पाण्याकडे बघत राहिला. मग दगडावरचं खोबऱ्याचं एक भकल उचललं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं भिकाजीच्या हातावर ठेवलं. भिकाजीने ते तोंडात टाकलं.

परतीच्या वाटेवर झाकण सैल होतं. पेट्रोलचा वास गाडीभर झाला. दाजी शालीचा पदर नाकाला लावून बसला, त्याची छाती शिट्या घालत होती. मोटार मात्र एकदाही थांबली नाही. ती थांबावी असं भिकाजीला दर वळणावर वाटत होतं.

सुभद्रा दारातच उभी होती. “गावली काय, बाबा?”

भिकाजी मान खाली घालून सांगणार होता. त्याच्या आधी दाजी बोलला.

“गावली तर. शीड भरून गेली. भिकाजीन बरोबर वेळेर पोचयल्यान.”

सुभद्रेने भिकाजीपुढे गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. त्याने पाणी घेतलं.

ती गोष्ट मग वाढत गेली. ओसरीवर कुणी आलं की दाजी ती सांगे. गलबत कसं वळलं, डावीकडे कसं कललं, मुखाशी वाळूला घासतंय असं वाटलं आणि लाटेने कसं उचललं. सांगून झालं की तो विचारी, “होय की नाय रे, भिकाजी?” आणि भिकाजी म्हणे, “होय, दाजी.” भिकाजीची लाज राखण्यासाठी म्हातारा हे करतो की त्याला शिक्षा म्हणून, ते त्याला कधी समजलं नाही. एकदा एकटं गाठून पाया पडायचं, ‘चुकलंय’ म्हणायचं, असं तो प्रत्येक खेपेला ठरवून जाई. ओसरीवर कोणी ना कोणी असे. नसलं तेव्हा जीभ उचलत नसे. अशी वर्षं गेली. झाकणाच्या भोकातली राळ त्याने दाभणाने त्याच आठवड्यात उकरून काढली होती, आणि मोटार पुढे चांगली चालली.

त्रेसष्ट साली दाजी अंथरुणाला खिळला. भिकाजी गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दाजीचा श्वास तुटत होता, डोळे मिटलेले होते. आज कोणी असो नसो, सांगायचंच, म्हणून भिकाजी त्याच्या उशाशी बसला आणि त्याचा हात हातात घेतला.

“दाजी,” तो म्हणाला.

“भिकाजी, गलबताचां सांग रे बाबांका,” सुभद्रा मागून म्हणाली. “तू सोबत होतंस. तां ऐकलां की त्यांका बरां वाटता.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. दाजीची बोटं त्याच्या हातात किंचित हलली. भिकाजीने सांगायला सुरुवात केली. खाडी भरलेली होती. काठावर माणसं जमली होती. नारळ फोडला, दोर सोडला, आणि मोठं शीड वर चढलं.

दाजीचे ओठ हलले. भिकाजीने कान जवळ नेला.

“आधी मागलां शीड,” दाजी म्हणाला.

“होय,” भिकाजी म्हणाला. “आधी मागलां शीड.” आणि त्याने ती गोष्ट शेवटपर्यंत सांगितली.